शरणपूरची मुलं : सुटका आणि त्यानंतर



नाशिकमध्ये शरणपूर रोड नावाचा रस्ता आहे. नाशिकची मंडळी तो रोज वापरतात. शरणपूर हे नाव कुठून आलं, असं कुणाला विचारलं तर बहुतेक जण थोडं थांबतात, आणि मग म्हणतात, ‘तिथं ख्रिस्ती लोकांची वस्ती आहे, जुनं चर्च आहे.’ उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. शरण आलेल्यांचं पूर ते शरणपूर. इथं शरण आलेल्यांमध्ये, नाही, आणलेल्यांमध्ये, आफ्रिकेतली मुलं होती. हा ‘आलेले’ आणि ‘आणलेले’ यांतला फरक आजच्या व्याख्यानाचा विषय आहे, असं समजा.

मी इतिहासाचा माणूस नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. वर्गात ‘स्वातंत्र्य’ या संकल्पनेवर तास घेताना मी ग्रीकांपासून सुरुवात करायचो आणि जर्मनांपर्यंत पोचायचो. नाशिकपर्यंत कधी पोचलो नाही. निवृत्तीनंतर वाचता वाचता ही हकिकत सापडली, आणि वाटलं, आपण शिकवत होतो तो प्रश्न या मुलांनी जगून पाहिला होता.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. ब्रिटिश पार्लमेंटनं १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि १८३३ मध्ये साम्राज्यातली गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. या कायद्यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, भरपाई दिली गेली, दोन कोटी पौंडांची. पण ती गुलामांना नाही, मालकांना. त्यांची ‘मालमत्ता’ गेली म्हणून. गुलामांना काय मिळालं? आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे ‘उमेदवारी’. ती १८३८ मध्ये संपली. दुसरी गोष्ट, ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख या कायद्यातून वगळलेला होता. आपल्याकडे १८४३ च्या पाचव्या कायद्यानं गुलामीला न्यायालयाचा आधार मिळणं बंद झालं, आणि गुलाम बाळगणं, विकणं हा सरळ गुन्हा ठरला तो दंडसंहिता लागू झाल्यावर, म्हणजे १८६२ पासून.

पण अरबी समुद्रातला व्यापार चालूच होता. पूर्व आफ्रिकेच्या आतल्या भागातून, न्यासा सरोवराच्या परिसरातून, माणसं धरून किनाऱ्यावर आणायची, झांजिबारच्या बाजारात विकायची, आणि गलबतांतून अरबस्तान, इराणच्या आखाताकडे न्यायची. त्यांत मुलं पुष्कळ. ब्रिटिश आरमाराच्या बोटी ही गलबतं पकडत. गलबत पकडलं की मालावर जप्ती आणि माणसांची सुटका. कागदोपत्री प्रश्न मिटला.

आता खरा प्रश्न सुरू होतो. समजा, आठ-नऊ वर्षांचा मुलगा आहे. गाव जाळलं गेलं तेव्हा धरला, दोन-तीनदा विकला गेला, शेकडो मैल चालत किनाऱ्याला आला. त्याला आपल्या गावाचं नाव सांगता येतं, पण ते नाव कुठल्याच नकाशावर नाही. त्याला परत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडलं तर आठवड्याच्या आत तो पुन्हा विकला जाणार. मग त्याला न्यायचं कुठं? काही जणांना एडनला उतरवलं, काहींना सेशेल्सला, काहींना मुंबईला. मुंबईत सरकारनं यांतली काही मुलं घरांमधून कामाला दिली, काही मिशनच्या स्वाधीन केली.

चर्च मिशनरी सोसायटीचे एक जर्मन पादरी मुंबईत होते, आयझेनबर्ग. हे गृहस्थ आधी ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, काम करून आलेले. आफ्रिका ठाऊक असलेला माणूस. त्यांनी अशा मुलांना आसरा दिला. नाशिकला याच सोसायटीचे पादरी विल्यम प्राइस यांनी १८५० च्या दशकात शरणपूरची ख्रिस्ती वसाहत उभी केली होती. १८६० च्या सुमारास आफ्रिकन मुलांची सोय तिथं झाली. त्याला ‘आफ्रिकन असायलम’ म्हणत. लिहिणं-वाचणं, इंग्रजी, बायबल, आणि जोडीला सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदे. जेवण, कपडे, छप्पर, आजारपणात औषध. आणि बाप्तिस्मा, नवं नाव.

हे काम चांगलं होतं का? मी थेट उत्तर देतो : होतं. आज आपल्याकडे मिशनऱ्यांचं नाव काढलं की सभागृहाचे दोन तट पडतात. एका तटाला ते देवदूत वाटतात, दुसऱ्याला धर्मांतराचे दलाल. दोघांनाही त्या नऊ वर्षांच्या मुलाशी देणंघेणं नसतं. त्या मुलाला त्या दिवशी भाकरी देणारं दुसरं कोण होतं? मुंबईत धनिक कमी नव्हते, धर्मशाळाही कमी नव्हत्या. पण या मुलाची शाळा काढायला कुणी पुढं झालं नाही. हे आधी कबूल करू, आणि मग पुढं जाऊ.

पुढं जाण्यासाठी माझ्या वडिलांची एक गोष्ट सांगतो. ते वार लावून शिकले. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार. त्या घरांबद्दल ते शेवटपर्यंत कृतज्ञ होते. (ही सोयसुद्धा जात बघून मिळत असे, हेही सांगायला हवं. ज्यांना खरी गरज होती त्यांच्यासाठी वारही नव्हते.) तर वडील म्हणायचे, ‘सात घरचं जेवलो. पण आळणी भाजीला आळणी कधी म्हणता आलं नाही.’ मीठ मागायचं नाही, कारण मागणं म्हणजे नाव ठेवणं. आपल्या भाषेत याला फार अचूक शब्द आहे, मिंधेपणा. मिंधा माणूस उपाशी नसतो, पण त्याचं तोंड बंद असतं.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानं १७९३ च्या एका निबंधात असं म्हटलंय, की बाप मुलांशी वागतो तसं प्रजेशी दयाळूपणे वागणारं सरकार ही कल्पनेतली सर्वांत मोठी जुलूमशाही. वर्गात हे वाक्य सांगितलं की मुलं बुचकळ्यात पडायची. दयाळू आणि जुलमी? मी मग वडिलांची भाजी सांगायचो. लगेच कळायचं.

तर मी शरणपूरच्या हकिकतीला एवढाच एक प्रश्न विचारणार आहे. या मुलांना आळणीला आळणी म्हणता आलं का?

पहिल्यांदा नावं बघू. डेव्हिड लिव्हिंगस्टन हा प्रसिद्ध प्रवासी १८६४ मध्ये झांजिबारहून आपली छोटी आगबोट स्वतः हाकत मुंबईला आला. १८६५ मध्ये पुन्हा आला, तेव्हा नाशिकला गेला, आणि आफ्रिकेच्या नव्या मोहिमेसाठी तिथले नऊ तरुण बरोबर घेतले. त्यांत एक सायमन प्राइस, एक रिचर्ड आयझेनबर्ग. ही आडनावं ऐकलीत? एक शाळा चालवणाऱ्या पादऱ्याचं, दुसरं मुंबईच्या पादऱ्याचं. मालक गुलामाला आपलं नाव द्यायचा, आता उपकारकर्ता देतोय. हेतू वेगळा आहे, हे मी मानतो. पण आईनं ठेवलेलं नाव दोन्ही वेळा पुसलं गेलं.

या नऊ जणांतला अब्राहम. १८६६ मध्ये मोहीम याओ लोकांच्या मुलुखातून जात होती. मटाका नावाच्या सरदाराच्या गावी, गर्दीतून कुणीतरी त्याला हाक मारली, त्याच्या मूळच्या नावानं. वळून बघतो तर मामा-काका कुणीतरी नात्यातला. त्याच्याकडून कळलं, आई आणि बहिणी दुसरीकडे गुलामीत आहेत. तो नातलग म्हणाला, राहा इथंच. लिव्हिंगस्टननंही आग्रह केला. हिशेब सरळ होता : मुलगा घरी पोचला, दयेचं वर्तुळ पूर्ण झालं, वहीत नोंद करायला किती सुरेख! अब्राहमनं नकार दिला. त्याचं म्हणणं असं, की जिथं आई नाही, बहीण नाही, तिथं मी राहू कसा?

लिव्हिंगस्टननं हे प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं. हा नकार मला फार मोठा वाटतो. सगळ्यांनी मिळून त्याला ‘घर’ दाखवलं आणि तो म्हणाला, हे घर नाही. घर कशाला म्हणायचं हे ठरवणं त्यानं स्वतःकडे ठेवलं.

दुसरा जेकब वेनराइट. याओ, गुलामीतून सुटलेला, शरणपूरला शिकलेला. लिव्हिंगस्टनच्या मदतीसाठी १८७२ मध्ये जी माणसं पाठवली गेली त्यांत नाशिकचे सहा तरुण होते, त्यांतला हा. मॅथ्यू वेलिंग्टन आणि केरस फरार हेही त्यांतलेच. १८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला लिव्हिंगस्टन चितांबोच्या गावी, आजच्या झांबियात, वारला. त्याच्या माणसांनी ठरवलं की देह किनाऱ्यापर्यंत न्यायचा. हृदय तिथंच झाडाखाली पुरलं. प्रार्थना वाचली जेकबनं, आणि झाडावर अक्षरं कोरली तीही त्यानंच. मग देह वाळवून, कापडात गुंडाळून हजार मैलांहून जास्त वाट पायी तुडवली. वाटेत इंग्रज अधिकाऱ्याची गाठ पडली. तो म्हणाला, इथंच पुरून टाका. त्यांनी ऐकलं नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोच्या किनाऱ्याला पोचले.

१८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत अंत्यविधी झाला. शवपेटीला खांदा देण्याचा मान असलेल्यांत एक नाशिकचा विद्यार्थी होता, जेकब. इंग्लंडमध्ये हे ‘निष्ठावान सेवकां’चं उदाहरण म्हणून गाजलं. मला ‘सेवक’ हा शब्द खुपतो. मोहिमेचा म्होरक्या मेल्यावर कुणाचा हुकूम उरला होता? पगार देणारा गेला होता. वाटेत भेटलेला गोरा अधिकारी उलट सांगत होता. तरी त्या माणसांनी विचार करून एक निर्णय घेतला आणि नऊ महिने निभावला. ज्यांनी त्याला निष्ठा म्हटलं, त्यांना त्यातला निर्णय दिसला नाही. आणि पुढं काय? जेकब आफ्रिकेत परतला आणि १८९२ मध्ये उराम्बो इथं वारला. ॲबेतल्या त्या दिवसाचा त्याच्या पुढच्या आयुष्याला फारसा उपयोग झाला नाही.

१८७३ हे साल आपल्याला आणखी एका कारणानं ठाऊक आहे. त्याच वर्षी जूनमध्ये झांजिबारच्या सुलतानाशी करार होऊन तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. हा करार घडवण्यासाठी पाठवलेले वकील होते सर बार्टल फ्रिअर, आपल्या मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर. आणि त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या ज्या लोकांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली, त्यांना आहे. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मिशनऱ्यांचं ऋण त्यांनी लपवलं नाही. पण ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि सत्यशोधक समाज काढला तो स्वतःच्या विचारानं. उपकार मानला, मिंधेपण नाकारलं. मदत घेणारा माणूस पुढं काय करू शकतो, याचा आपल्या घरातला हा दाखला.

आता मोंबासाला जाऊ, कारण शरणपूरची गोष्ट तिथं पूर्ण होते. मोंबासाजवळ रबाई इथं याच सोसायटीचं जुनं ठाणं होतं. १८६४ मध्येच विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड हे नाशिकचे तरुण तिथं पाठवले गेले होते. पुढं झांजिबारचा बाजार बंद झाल्यावर मोठी वसाहत करायचं ठरलं. १८७५ मध्ये, नाशिकचे तेच प्राइस मोंबासासमोर जमीन घेऊन वसाहत उभारतात, तिला फ्रिअर यांचं नाव देतात : फ्रिअरटाउन. त्यासाठी सुमारे दीडशे ‘बॉम्बे आफ्रिकन’ तिथं जमले. हो, त्यांचं हेच नाव पडलं. हिंदुस्थानात ते आफ्रिकन होते, आफ्रिकेत बॉम्बेवाले झाले. त्याच वर्षी आरमारी बोटीनं दोनशेहून अधिक नव्यानं सुटलेली माणसं आणून उतरवली. त्यांना शिकवायचं, घरं बांधायची, भाषा समजून घ्यायची, हे काम कुणी केलं? नाशिकला सुतारकाम, लोहारकाम, अक्षरं शिकलेल्यांनी. कालपर्यंत ज्यांना मदत मिळत होती ते आज मदत करणारे झाले.

आणि इथंच भांडण सुरू झालं. गोऱ्या मिशनऱ्यांच्या तक्रारी काय होत्या? बॉम्बेवाले फार शिष्ट आहेत, साहेबासारखा पोशाख करतात, पगार जास्त मागतात, बरोबरीनं बोलतात. मित्रहो, ज्या शाळेनं पंधरा वर्षं हेच शिकवलं, तिनं त्याचा निकाल लागल्यावर तक्रार करावी, हा विनोद आहे. भाजीत मीठ मागितलं की ‘शेफारला’ म्हणायचं!

गोष्ट पगारापुरती राहिली नाही. फ्रिअरटाउनचा कारभार एका कडक अधीक्षकाकडे होता. तिथं फटक्यांची शिक्षा चालू झाली. गुलामीतून सोडवलेल्यांच्या वसाहतीत फटके! त्याच्या तक्रारी बाहेर झांजिबारच्या ब्रिटिश वकिलातीपर्यंत गेल्या. १८८१ मध्ये चौकशी झाली आणि त्या अधीक्षकाला जावं लागलं. पुन्हा घडी बसवायला म्हातारे प्राइस परत आले. मी याकडे दोन बाजूंनी बघतो. दया करणाऱ्या संस्थेत कोरडा शिरायला सहा वर्षंही पुरली नाहीत, ही एक बाजू. तो लपून राहिला नाही, ही दुसरी.

आता रबाईचा प्रसंग सांगतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार त्यात आहे. मोंबासाच्या आसपास गुलामगिरी अजून कायदेशीर होती. समुद्रावरचा व्यापार बंद, पण जमिनीवरची मालकी चालू. शेतमळ्यांतले गुलाम पळून मिशनच्या ठाण्यावर येऊ लागले. मिशनपुढं पेच पडला. आरमारानं सोडवलेला माणूस ठेवून घेणं कायद्यात बसत होतं. स्वतःच्या पायांनी पळून आलेला माणूस ठेवून घेणं म्हणजे मालकाचा माल चोरणं. ब्रिटिश वकिलातीनं बजावलं, पळून आलेल्यांना थारा देऊ नका. मोंबासाच्या मालकांनी वसाहत जाळण्याच्या धमक्या दिल्या. सोसायटीचं धोरण ठरलं, घेऊ नका.

आणि रबाईला विल्यम जोन्स होता. नाशिकहून गेलेला, पुढं १८८५ मध्ये धर्मगुरूपदाची दीक्षा मिळालेला. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले, तेव्हा मागं राहिलेल्या माणसांना सुखरूप परत आणणारा हाच. तर या जोन्सच्या रबाईत पळून आलेली माणसं राहत होती. येत होती, झोपड्या बांधत होती, मका लावत होती. १८८८ मध्ये नव्या ब्रिटिश कंपनीचा अधिकारी जॉर्ज मॅकेन्झी आला आणि मोजदाद झाली. रबाई आणि इतर मिशन ठाण्यांवर मिळून सुमारे १,४०० पळून आलेले गुलाम निघाले. वरच्या अधिकाऱ्यांना धक्का बसला. धोरण कागदावर होतं, माणसं रबाईत होती.

मार्ग काय निघाला? मालकांना भरपाई देऊन १८८९ च्या पहिल्या दिवशी मुक्तीचे दाखले वाटले गेले. ऐकताय ना, पुन्हा मालकांनाच भरपाई. १८३३ चाच न्याय. त्या किनाऱ्यावरची गुलामगिरी कायद्यानं संपली ती थेट १९०७ मध्ये.

पण जोन्सकडे बघा. ज्याला एकदा दुसऱ्यांनी वाचवलं होतं, त्यानं प्रश्न उलटा केला. आरमारानं आणलेला गरजू आणि स्वतः धावत आलेला गुन्हेगार, हा फरक दया करणाऱ्याच्या दृष्टीनं महत्त्वाचा होता, कारण पहिल्यात निर्णय त्याचा होता आणि दुसऱ्यात पळणाऱ्याचा. जो स्वतः कधी काळी विकला गेला होता, त्याला हा फरक पटणं कठीण. सुरुवातीला मी म्हणालो, शरण ‘आणलेले’ आणि ‘आलेले’. शरणपूर आणलेल्यांसाठी होतं. रबाई आलेल्यांची झाली, आणि ती शरणपूरच्याच विद्यार्थ्याच्या हाताखाली झाली.

म्हणून माझ्या प्रश्नाचं उत्तर काय? या मुलांना आळणीला आळणी म्हणता आलं का? आलं. अब्राहमला आलं, फटक्यांची तक्रार करणाऱ्यांना आलं, जोन्सला शब्द न बोलता आलं. त्याचं श्रेय शाळेला द्यायचं का? काही अंशी नक्की. अक्षरं तिनं दिली. पण ते बोलल्यावर तिला आवडलं का? नाही. चांगली मदत ओळखायची खूण मला यातून सापडते. मदत किती दिली, यावरून ती ओळखू येत नाही. घेणाऱ्यानं तोंड उघडल्यावर देणाऱ्याचा चेहरा कसा होतो, त्यावरून ओळखू येते.

एक उणीव सांगून संपवतो. आज मी सगळी नावं पुरुषांची घेतली. गलबतांत मुली होत्या, शरणपूरलाही होत्या, फ्रिअरटाउनला संसार त्यांनीच उभे केले. पण नोंदींत त्या बहुतेक ‘अमक्याची बायको’ म्हणून येतात. अब्राहमच्या आईचं नावही कुणी लिहून ठेवलं नाही. आपल्यापैकी कुणी तरुण संशोधक असेल, तर हे काम पडून आहे.

मोंबासाला फ्रिअरटाउनची घंटा अजून आहे. त्या भागाला स्वाहिलीत केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. गुलाम धरणारे आले तर वस्तीला सावध करण्यासाठी ती होती. आणि नाशिकला एक रस्ता आहे. आपण सगळे कुठल्या ना कुठल्या संस्थेला देणग्या देतो, वसतिगृहं चालवतो, मुलं दत्तक घेतो, वार्षिक समारंभात त्या मुलांना रांगेत उभं करून आभार मानायला लावतो. पुढच्या वेळी त्या रांगेतल्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन एवढंच विचारा, जेवण कसं असतं रे इथलं? आणि तो ‘आळणी असतं’ म्हणाला, तर रागावू नका. त्याला मीठ द्या.